सत्तर टक्के कशाचे?

*माझं वय ४६, उंची ५ फूट २ इंच. फेब्रुवारीत वजन उतरवायला गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन झालं, तेव्हा वजन ११८ किलो होतं. पहिल्या तीन महिन्यांत १५ किलो उतरलं, नंतर रखडत रखडत आणखी ८. आता काटा ९५ वर अडकलाय. गेल्या पाच आठवड्यांत काहीच नाही. माझ्याच दिवशी ऑपरेशन झालेली २९ वर्षांची मुलगी १४२ वरून १०१ वर आली. डॉक्टर म्हणाले होते, सत्तर टक्के वजन जाईल. लेकीच्या लग्नासाठीची एफडी मोडून मी हे केलं. नातेवाइकांना पित्ताशयाचं ऑपरेशन सांगितलंय. फक्त जाऊबाईंना खरं माहीत आहे आणि त्या म्हणतात, "एवढे लाख ओतून दिसतंय कुठे?" खाणं कमीच आहे: सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं, दुपारी चार चमचे वरण-भात, संध्याकाळी मूठभर भडंग, रात्री अर्धी पोळी दुधात कुस्करून. आता रात्रीचंही बंद केलंय. श्रावणापासून सोमवार आणि एकादशी धरते. केस मुठीनं गळतात. व्हिटॅमिनच्या गोळ्या उष्ण पडतात म्हणून थांबवल्या. गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणते. सहाव्या महिन्याच्या तपासणीला गेले नाही, आहारतज्ज्ञ बाई रागावतील. इन्शुलिन बंद झालं, तेवढंच. माझं ऑपरेशन फेल गेलं का?*
*– एक वाचक, सांगली*

ताई,

फेल गेलेलं नाही. पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि काळजी वाटली ती ९५ च्या आकड्याची नाही. रात्रीचं जेवण, गोळ्या आणि तपासणी या तिन्ही गोष्टी तुम्ही एकदम सोडल्यात, त्याची वाटली. तिकडे येतेच. आधी तो सत्तर टक्क्यांचा हिशेब उलगडू, कारण तुमचं अर्धं दुःख त्या हिशेबात आहे.

११८ पैकी सत्तर टक्के वजन खरंच गेलं तर ३५ किलो उरतील. म्हणजे सहावीतल्या मुलीएवढं! डॉक्टर ते म्हणाले नव्हते. शस्त्रक्रियेच्या भाषेत टक्के मोजतात ते 'जास्तीच्या' वजनाचे. तुमच्या उंचीला तक्त्याप्रमाणे ६२ किलोच्या आसपास वजन चालतं. म्हणजे जास्तीचं वजन ५६ किलो. त्याचे सत्तर टक्के साधारण ३९. सगळं छान जमलं तर तुम्ही ८० च्या जवळ याल, असा त्या वाक्याचा अर्थ होता. बासष्टचा शब्द तुम्हाला कुणीही दिलेला नव्हता. हा घोळ मी इतक्या घरांत पाहिलाय की ऑपरेशनआधी डॉक्टरांनी टक्के सांगूच नयेत, कागदावर सरळ किलो लिहून द्यावेत, असं माझं मत झालंय.

आता दुसरा आकडा. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला. वजनासाठी शस्त्रक्रिया केलेली सुमारे दोन हजार माणसं आणि न केलेली तेवढीच, यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. त्यात गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी मूळ वजनाच्या ३२ टक्क्यांनी उतरलं. मग थोडं परत चढलं आणि दहा वर्षांनी सरासरी २५ टक्क्यांच्या घटीवर स्थिरावलं. तुमच्या ११८ ला हे लावा. ३२ टक्के म्हणजे ८० किलो. २५ टक्के म्हणजे साधारण ८८. तुम्ही सातव्या महिन्यात ९५ वर आहात, म्हणजे साडेएकोणीस टक्के उतरलंय. आणि वजन उतरायचा काळ बारा ते अठरा महिन्यांचा असतो, तो अजून संपलेला नाही.

खोटा धीर द्यायचा नाही म्हणून हेही सांगते: तुमची गती सरासरीपेक्षा थोडी कमी आहे. त्या मुलीची जास्त आहे. किलोत बघितलं तर ४१ विरुद्ध २३, जवळजवळ दुप्पट. टक्क्यांत बघितलं तर २९ विरुद्ध साडेएकोणीस. फरक उरतोच, पण तो निम्म्याचा नाही. शिवाय ती २९ ची आहे. वय वाढतं तसा स्नायूंचा हिस्सा घटतो आणि बसल्या जागी शरीर जाळतं ते इंधनही घटतं. मधुमेह असलेल्यांचं वजन सरासरीनं कमी आणि हळू उतरतं, हेही वारंवार दिसलेलं आहे. तुम्ही इन्शुलिनवर होतात. तिला मधुमेह होता की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा विचारलंही नसेल.

आणि काटा मध्येच थांबतो, हे तर ठरलेलंच असतं. पहिल्या आठवड्यांत जे भराभर उतरतं त्यात पाणी बरंच असतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते आणि तिच्या दर ग्रॅममागे धरलेलं तिप्पट पाणी निघून जातं. पुढे शरीर काटकसरीला लागतं. ११८ किलोचा देह चालवायला जेवढं लागायचं, तेवढं ९५ किलोच्या देहाला लागत नाही, आणि दुष्काळ पडलाय असं समजून ते आणखी थोडं हात आखडतं. त्यात पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, पोट साफ झालेलं नसतं. चरबी कमी होत असतानाही काटा दोन-चार आठवडे ढिम्म राहू शकतो.

पण तुमच्या बाबतीत मला एवढ्यावर थांबता येत नाही. पाच आठवडे म्हणजे कधीपासून? मी कॅलेंडर काढून बघितलं. श्रावणापासून! तुम्ही उपवास धरलेत आणि काटा थांबला, हे एकाच वेळी झालंय. घरात अंडी चालतात की नाही ते पत्रात नाही, पण चालत असली तरी चातुर्मासात बंद असतील असा माझा अंदाज आहे.

तुमच्या दिवसाच्या खाण्यातलं प्रोटीन मी मोजलं. चहातलं दूध, चार चमचे वरण, भडंगातले शेंगदाणे, रात्रीचं दूध, सगळं मिळून पंधरा-वीस ग्रॅम. बायपासनंतर दिवसाला निदान ६० ग्रॅम लागतं. रात्रीचं दूध बंद केल्यावर त्यातलंही काही गेलं. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर तिच्यात पिष्टाशिवाय जवळपास काही नसतं, दाण्याच्या कुटातून मिळेल तेवढंच. गरजेपेक्षा कमी प्रोटीन मिळालं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. स्नायू घटले की बसल्या जागी जळणारं इंधन आणखी घटतं. म्हणजे वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण सोडलंत आणि उतरण्याची वाट स्वतःच अरुंद केलीत. केसांचंही थोडं तेच. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं बहुतेकींना होतं, शरीराला बसलेल्या धक्क्यानं होतं आणि थांबतंही. पण प्रोटीन आणि लोह कमी पडलं तर ते लांबतं. तेलं बदलून काही व्हायचं नाही.

भडंगाबद्दल बोलायलाच हवं. सांगलीच्या माणसाला भडंग सोडा म्हणणं म्हणजे कृष्णेकाठी राहून नदी बघू नका म्हणण्यासारखं आहे, मला कळतं. पण ऑपरेशनमध्ये तुमच्या जठराची जी नवी छोटी पिशवी केली, ती सुरुवातीला जेमतेम ३० मिलीची असते, दोन मोठ्या चमच्यांएवढी. उसळ, पनीर, अंडं असं घट्ट अन्न तिथं थांबतं आणि पोट भरल्याची जाणीव देतं. चुरमुरे, मारी बिस्किट, खारी, दुधात कुस्करलेली पोळी यांचा क्षणात लगदा होतो आणि ते सरकन खाली आतड्यात उतरतात. पिशवी भरतच नाही. म्हणून मूठभर भडंग खाऊन तासाभरानं पुन्हा डब्याकडे हात जातो. दिवसभराच्या त्या मुठी कुणी मोजत नाही. तुम्ही एकच मूठ लिहिलीय, मी विश्वास ठेवते. तरी एक आठवडा वहीत लिहून बघा.

जेवणाचा क्रम असा ठेवा: आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर दोन घास भात किंवा पोळी. आपलं ताट नेमकं उलटं सुरू होतं, भातानं. सकाळी आहारतज्ज्ञांनी सुचवलेली प्रोटीन पावडर दुधात किंवा पातळ ताकात घेतलीत की २० ते २५ ग्रॅमची सोय तिथंच होते. दुपारी मोड आलेल्या मुगाची किंवा मटकीची मऊ उसळ आणि ५० ग्रॅम पनीर, त्या पनीरमध्ये ९ ग्रॅम. चारच्या सुमाराला भडंगाच्या जागी अर्धी वाटी चक्का, साखर न घालता, जिरेपूड-मीठ लावून. (श्रीखंडासाठी बांधतो तोच. श्रीखंड नव्हे!) रात्री दोन अंडी, त्यांचे १२ ग्रॅम. अंडी चालत नसतील तेव्हा घट्ट पिठलं किंवा मुगाच्या डाळीचं धिरडं, आणि सोबत थोडं पनीर. मूत्रपिंडाचा काही त्रास निघाला असेल, मधुमेहात तो असू शकतो, तर प्रोटीनचा आकडा डॉक्टरांनाच विचारा.

पाण्याचा तांब्या ताटाशेजारून उचला. जेवताना पाणी नको, जेवल्यावर अर्धा तास थांबा, मग दिवसभर घोट घोट करत दीड-दोन लिटर. एक जेवण वीस-पंचवीस मिनिटं चालू दे.

उपवास. मी स्वतः एकादशी करते, त्यामुळे हे धर्माविरुद्ध म्हणून वाचू नका. मधुमेहाची एखादी गोळी अजून चालू असेल तर उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊ शकते. बायपासनंतरच्या पहिल्या वर्षात उपवास करूच नये, असंच मी सांगेन. करायचाच असेल तर दूध, दही, चक्का, पनीर हे सगळं उपासाला चालतं. देवाला साबुदाणाच हवा असतो असं कुठं लिहिलंय?

गोळ्या उष्ण पडतात हे वाचून मी कपाळाला हात लावला. रागावून नव्हे. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकतेय, माझ्या सासूबाईंनीही ते लोहाच्या गोळ्यांबद्दल म्हटलं होतं. बायपासमध्ये अन्नाला जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे पाठवतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथंच शोषलं जातं. बी-१२ शोषायला जठराचं काम लागतं, तेही आता तुटपुंजं होतं. म्हणजे तुम्ही कितीही चौरस जेवलात तरी हे सगळं कमी पडणारच. या गोळ्या आयुष्यभराच्या असतात आणि ती या ऑपरेशनची अट आहे. बी-१२ ची कमतरता हळूहळू हातापायांना मुंग्या आणि विसराळूपणा आणते, आणि कधीकधी झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही. गोळीनं जळजळ किंवा बद्धकोष्ठ होत असेल तर प्रकार बदलून मिळतो, बी-१२ चं इंजेक्शनही असतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा. लोहाच्या गोळीवर चहाही नको.

गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणता ती गोळी कोणती? आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असेल तर आजपासून बंद. पिशवी आणि आतडं जिथं जोडलंय तिथं या गोळ्यांनी व्रण होतो, त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल सहसा चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसला, पोटात जोराची कळ आली, उलट्या थांबेनात किंवा चालताना तोल जायला लागला, तर माझ्या उत्तराची काय कुणाच्याच उत्तराची वाट न बघता थेट दवाखाना. लोहाच्या गोळीनंही शौच काळसर होतं, पण तो फरक ओळखायचं काम तुमचं नाही.

आता त्या आहारतज्ज्ञ बाईंकडे. ताई, त्या खुर्चीत मीही बसलेली आहे. अनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे तुमच्यासारख्याच एक बाई यायच्या. चौथ्या महिन्यात त्यांचं वजन दोन किलोनं वाढलं आणि मी त्यांना फाडून बोलले. त्यांची वही समोर आपटली. त्या काही बोलल्या नाहीत, पदर सावरून गेल्या. थेट दोन वर्षांनी आल्या, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, हिमोग्लोबिन सहाच्या खाली. त्या दिवसापासून मी काट्यावरून कुणाला बोललेले नाही. तुम्ही न गेल्यानं तुमच्या बाईंना त्रास नाही, तुमचं रक्त तपासायचं राहतंय. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर) हे तर बघतीलच. थायरॉइडही तपासायला सांगा, तो मंद असेल तर वजन अडतं. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. मधुमेहाच्या काही गोळ्या, काही रक्तदाबाच्या आणि झोपेच्या-नैराश्याच्या गोळ्याही वजन धरून ठेवतात. हे सगळं बघितल्याशिवाय 'माझंच चुकलं' असं म्हणायचा तुम्हाला हक्क नाही.

हल्ली भूक मारणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा घरोघर आहे, तुम्हीही ऐकलं असेल. बायपासनंतर वजन कमी पडलं तर डॉक्टर कधी कधी ती देतात. पण तुमचं खाणं आधीच एवढंसं. त्यात भूक आणखी मारली तर प्रोटीन जाणार कुठून? तो विचार तपासणीनंतर, तोही डॉक्टरांनीच करायचा.

चालता का, ते पत्रात नाही. चालत असाल तर छान, पण नुसत्या चालण्यानं स्नायू राखले जात नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठा आणि बसा, दहा वेळा. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन हात वर-खाली करा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. गुडघे कुरकुरले तर उंच खुर्ची घ्या.

वजनकाटा पलंगाखाली सरकवा. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. महिन्यातून एकदा कमरेला टेप. काटा थांबलेला असताना टेप सरकते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. जुन्या ब्लाउजांना टाचून टाचून घालताय ना? मग टेपचं उत्तर तुमच्या कपाटात आधीच आहे.

तुम्ही शेवटी लिहिलंत, "इन्शुलिन बंद झालं, तेवढंच." तेवढंच? रोज पोटात सुई खुपसणं, बाहेरगावी जाताना बर्फाची पिशवी, रात्री साखर उतरली की घामाघूम होऊन उठणं, हे सगळं गेलं आणि त्याला पत्रातली शेवटची ओळ! त्या स्वीडिश अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांतलं मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्यानं कमी निघालं, हे २००७ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया जुन्या पद्धतींची होती आणि दहा वर्षांनी त्यांचं वजन मूळच्या जेमतेम पंधरा-सोळा टक्क्यांनी कमी उरलं होतं. तुमचं आजच साडेएकोणीस टक्के आहे. लेकीच्या लग्नाची एफडी मोडलीत म्हणता. त्या लग्नात मांडवात उभं राहणारी आई धडधाकट असावी, याचाही काही हिशेब करा.

जाऊबाईंना काय उत्तर द्यायचं? काहीच नाही. पण पित्ताशयाची गोष्ट तुम्हाला महाग पडतेय. पंगतीत आग्रह झाला की तुमच्याकडे कारण उरत नाही. जिलबी घेतली तर पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडते, घाम सुटतो, पोट ढवळतं. बायपासनंतर गोड खाल्ल्यावर पुष्कळांना हे होतं. सगळ्यांना खरं सांगा असं मी म्हणत नाही, ती तुमची खाजगी गोष्ट आहे. आग्रह करणाऱ्यांना "डॉक्टरांनी एका वेळी थोडंच खायला सांगितलंय, गोड बंद आहे" एवढं पुरे. पण घरातलं एक माणूस तुमच्या बाजूनं असू द्या. लेक कशी आहे? कळत्या वयाची आहे. एफडीचं ओझं तुम्ही तिच्यापासून लपवताय, असं मला पत्रावरून वाटलं.

उद्या सकाळी दवाखान्यात फोन करा. फार बोलायचं नाही. "सहाव्या महिन्याला आले नव्हते, आता यायचंय" एवढंच सांगा, पुढचं विचारायचं काम त्यांचं. आणि जाताना बंद केलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. किती उरल्यात ते तुम्ही सांगू नका, त्यांना मोजू द्या.